कंटेंटफुलमध्ये एलियस वळवल्यानंतर रोलबॅक करावा (मागे फिरावे) लागला, तर संपादकांच्या कामाचे काय?

निळी_शाई:

नमस्कार. आमच्या मराठी-इंग्रजी मासिकाचा मजकूर कंटेंटफुल या मजकूर-व्यवस्थापन सेवेवर आहे आणि वाचकांना दिसणारे संकेतस्थळ नेक्स्ट जेएस या वेब फ्रेमवर्कमध्ये बांधलेले आहे. आजवर लेखकाचे नाव लेखाच्या कंटेंट टाइपमध्ये (मजकुराच्या साच्यात) साध्या मजकुराच्या फील्डमध्ये लिहिले जात असे. आता प्रत्येक लेखकाची स्वतंत्र एंट्री (नोंद) करून लेखातून तिचा संदर्भ द्यायचा आहे. त्यासाठी सध्याच्या एन्व्हायर्नमेंटची (मजकूर व त्याची रचना असलेल्या कप्प्याची) प्रत काढून तिच्यावर मायग्रेशन स्क्रिप्ट (रचना व मजकूर बदलणारा प्रोग्राम) चालवायची आणि तपासणीनंतर ‘मास्टर’ हे एलियस (संकेतस्थळ ज्या नावाने मजकूर मागते ते पर्यायी नाव) त्या प्रतीकडे वळवायचे, असे ठरले आहे. दोष आढळल्यास एलियस क्षणात मागे फिरवता येते, हे माहीत आहे. पण तो दोष दोन तासांनी लक्षात आला, तर दरम्यान संपादकांनी प्रकाशित केलेले लेख आणि केलेल्या दुरुस्त्या यांचे काय होते?

सह्यकडा:

त्या नष्ट होत नाहीत. मात्र नव्या एन्व्हायर्नमेंटमध्येच राहतात आणि वाचकांना दिसेनाशा होतात. प्रत काढली त्या क्षणापासून दोन्ही एन्व्हायर्नमेंट एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि एकातील एंट्री आपोआप दुसऱ्यात जात नाही. हीच अडचण उलट दिशेनेही येते: प्रत काढल्यापासून एलियस वळवेपर्यंत जुन्या बाजूला झालेले काम नव्या बाजूला नसते. म्हणून एलियस वापरायचेच असेल, तर त्या काळात संपादन थांबवण्याची वेळ संपादक मंडळाशी आधी ठरवून घ्यावी.

माझे स्पष्ट मत असे आहे, की एलियस हे रचनेतील बदल वाचकांसमोर आणण्याचे उत्तम साधन आहे, परंतु मजकुराच्या रोलबॅकचा भार त्याच्यावर टाकू नये. तुमच्या बदलाला त्याची गरजही दिसत नाही. कंटेंटफुलमध्ये फील्डचा प्रकार बदलता येत नसल्यामुळे संदर्भासाठी नवे फील्ड करावेच लागेल; मग जुने फील्ड तसेच ठेवून नवे फील्ड ऐच्छिक म्हणून चालू एन्व्हायर्नमेंटमध्येच जोडावे, स्क्रिप्टने भरून घ्यावे आणि नवे भरलेले असेल तर ते, नाहीतर जुने, असे कोडने वाचावे. मग मागे जायचे झाल्यास कोडची आधीची आवृत्ती डिप्लॉय करणे (संकेतस्थळावर चढवणे) पुरते आणि मजकुराला हात लागत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा. संपादकांनी या काळात नव्या लेखात केवळ संदर्भ जोडला आणि जुने फील्ड रिकामे ठेवले, तर जुने कोड परत आल्यावर तो लेख बिननावाचा दिसेल. यासाठी प्रकाशनाच्या वेबहुकवर (प्रकाशन होताच आपोआप जाणाऱ्या सूचनेवर) छोटे फंक्शन लावून संदर्भातील नाव जुन्या फील्डमध्ये लिहीत राहावे. हे फंक्शन लेख पुन्हा प्रकाशित करत असेल, तर वेबहुक परत चालेल. म्हणून नाव आधीच जुळत असल्यास त्याने काहीही करू नये.

तळटीप:

वरील मांडणीशी सहमत आहे. स्क्रिप्ट चालवण्याआधी नावांची जुळणी मात्र बारकाईने करा, अन्यथा एकाच लेखकाच्या दोन-तीन एंट्री तयार होतील. आद्याक्षरांनंतरची मोकळी जागा हे नेहमीचे कारण आहेच. त्याहून फसवे कारण म्हणजे ‘कुऱ्हाडे’सारखे नाव. त्यातील ‘ऱ’ कधी एकसंध वर्ण म्हणून, तर कधी ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) असा साठवलेला असतो, आणि तेच रूप कधी साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही टाइप केलेले असते. युनिकोडच्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करण्याने) पहिले दोन एक होतात. तिसरे होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

एलियस मागे फिरवण्याची वेळ आलीच, तर मॅनेजमेंट एपीआयकडून (प्रोग्रामने मजकूर हाताळण्याच्या कंटेंटफुलच्या सोयीकडून) नव्या एन्व्हायर्नमेंटमधील ज्या एंट्री आणि ॲसेट (छायाचित्रांसारख्या फाइल) वळवल्यानंतर बदलले आहेत ते शेवटच्या बदलाच्या वेळेवरून मागवता येतात. प्रत काढताना आयडी कायम राहत असल्याने ते जुन्या बाजूच्या आयडींशी जुळवून बदल भरता येतात. हटवलेल्या एंट्री या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी वळवण्याच्या क्षणीच सिंक एपीआयचे (बदल कळवणाऱ्या सोयीचे) टोकन, म्हणजे त्या क्षणाची खूण, घेऊन ठेवा. त्याच्या आधारे नंतर हटवलेल्या आणि अप्रकाशित केलेल्या एंट्री कळतात.

निळी_शाई:

दोघांचेही मनापासून आभार. एलियस न वापरता नवे फील्ड जोडण्याचा मार्ग आम्ही स्वीकारत आहोत. एखाद्याच लेखातील मजकूर चुकला, तर तेवढाच मागे नेता येईल का?

सह्यकडा:

हो. प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी आवृत्ती जतन होते आणि एंट्रीच्या संपादन पानावर जुनी आवृत्ती निवडून हवी ती फील्ड पूर्ववत करता येतात. त्यानंतर एंट्री पुन्हा प्रकाशित करावी लागते. संदर्भित लेखकाची एंट्री किंवा छायाचित्र मात्र यात मागे जात नाही, ते स्वतंत्रपणे पूर्ववत करावे. नेक्स्टने पाने आधीच तयार करून ठेवली असतील, तर त्या पानाचे पुनर्निर्माणही करावे लागेल.