डेव्हिड लीन: सुरुवात कुठून करावी, आणि १९७० नंतर १४ वर्षं शांतता का?

मध्यंतर
ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचं नाव निघालं की सगळे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’पाशी येऊन थांबतात. मला त्यांचं काम नीट पाहायचंय, तर तिथूनच सुरुवात करू का? त्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती दिसतात, त्यातली कोणती घ्यावी? आणि दिग्दर्शनाची दोन ऑस्कर मिळवलेला माणूस १९७० नंतर १४ वर्षं मोठ्या पडद्यापासून लांब का राहिला?

कात्रीवाला
तिथून नको. लीन हाडाचे संकलक. वृत्तपट जोडता जोडता वर आले, ‘पिग्मॅलियन’चं (१९३८) संकलन त्यांचंच. म्हणून आधी ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) पाहा, जेमतेम दीड तासाचा आहे. मग ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१९४६). त्यात दफनभूमीत छोटा नायक पिप पळतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो आणि पोरगं थेट कैद्याच्या अंगावर आदळतं. आगाऊ इशारा काहीच नाही. एवढं पाहिल्यावर ‘लॉरेन्स’मधली काडी विझते आणि वाळवंटातली पहाट येते, तो जोड कुठून आला ते कळतं. पटकथेत तिथे एक दृश्य दुसऱ्यात विरघळणार होतं. संकलनाच्या कच्च्या प्रतीत दोन्ही तुकडे नुसतेच जोडलेले दिसले, आणि लीन व संकलक अ‍ॅन कोट्स यांनी सरळ काप ठेवला.

सत्तर एमएम
प्रतीबद्दल. डिसेंबर १९६२ मध्ये ‘लॉरेन्स’ सुमारे २२२ मिनिटांचा होता. लगेच साधारण २० मिनिटं कापली, १९७१ च्या पुनःप्रदर्शनात आणखी कापून तो १८७ मिनिटांवर आणला. ती प्रत टाळाच. १९८९ मध्ये जुने चित्रपट दुरुस्त करणारे रॉबर्ट हॅरिस यांनी लीन यांना सोबत घेऊन तो पुन्हा उभा केला. काही तुकड्यांचा आवाज हरवला होता, म्हणून नायक पीटर ओटूल आणि इतरांनी पंचवीसेक वर्षांनी तेच संवाद पुन्हा म्हटले.

ही पुन्हा उभी केलेली प्रत, सुरुवातीचं आणि मध्यंतराचं संगीत धरून, २२७ मिनिटांच्या आसपास भरते. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर २१८ दिसलं तर घाबरू नका: तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, कापलेलं काही नसतं. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण २.२० : १ हवं. पडदा पूर्ण भरत असेल तर बाजू छाटल्यात. सुरुवातीला काळ्या पडद्यावर बराच वेळ नुसतं संगीत वाजतं, फाइल बिघडलेली नाही, पुढे ढकलू नका.

टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) आठवणीने बंद करा. अलीचा (ओमर शरीफ) वाळवंटातून येतानाचा प्रवेश छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी ४८२ मिमीच्या लेन्समधून टिपलाय. थरथरत्या हवेतला तो ठिपका कमी दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये पुसला जातो आणि अख्ख्या दृश्याचा जीव जातो.

कात्रीवाला
आता १४ वर्षं. ‘रायन्स डॉटर’ (१९७०) वर समीक्षक तुटून पडले. न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात समोर बसवून त्यांनी लीन यांना झोडपलं, आणि ते खरंच खचले. पण सगळा दोष त्या दुपारीवर टाकणं मला पटत नाही. चित्रपटाला प्रेक्षक होते, दोन ऑस्करही मिळाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडावर दोन चित्रपट आखले होते. पैशाअभावी तेही बारगळले, आणि त्यात कितीतरी काळ गेला. मग ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४): पटकथा, दिग्दर्शन, संकलन तिन्ही त्यांचं, ऑस्करची ११ नामांकनं.

मध्यंतर
म्हणजे ‘रायन्स डॉटर’ वगळू?

सत्तर एमएम
अजिबात नको, फक्त आधी नको. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं त्यातलं वादळ खरं आहे. ते शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा.