मदत हवी आहे : ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता’ असं शिकवलं आणि मुली अडल्या

नमस्कार. दांडेकर पुलाजवळच्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी आठवी-नववीच्या सात मुलींना इंग्रजी शिकवते. सगळ्या मराठी माध्यमातल्या. मीही त्याच माध्यमात शिकले, त्यामुळे ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म’ असं सांगून सुरुवात केली. आता तिथेच गाडं अडलंय.

एकीने ‘मला आंबा आवडतो’ याचं इंग्रजी ‘मँगो लाइक्स मी’ असं केलं. चूक दाखवताना माझ्या लक्षात आलं की तिचा विचार सरळ आहे. आंबा आवडतो, चिंच आवडते. क्रियापद आंब्यामागे जातं, मग सब्जेक्ट आंबाच नको का? ‘इंग्रजीत तसं नसतं’ एवढंच मी बोलू शकले, आणि ते उत्तर मलाच पटलं नाही.

मग शनिवारवाड्याचं उदाहरण घेतलं, कारण मुली नुकत्याच तिथे जाऊन आल्या होत्या. ‘शनिवारवाडा वॉज बिल्ट बाय बाजीराव.’ सब्जेक्ट कोण? सातही जणी म्हणाल्या, बाजीराव. ‘बांधला तर त्यांनीच ना, ताई?’ मराठीत ‘बाजीरावाने शनिवारवाडा बांधला’ हा कर्मणी प्रयोग, तरी कर्ता बाजीरावच. त्या जे शिकल्या तेच बोलल्या.

शिवाय ‘क्रियापदाला काय विचारा, येईल ते ऑब्जेक्ट’ ही युक्तीही फसते. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ : काय झाली? डॉक्टर. पण ते ऑब्जेक्ट नाही.

व्याख्या मला पाठ आहेत. मुलीला परीक्षेत स्वतःच्या स्वतः ताडून बघता येईल अशी खूण हवी आहे. कोणी शिकवताना काही वापरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, ‘कर्ता’ शब्द बाजूला ठेवा, ‘सब्जेक्ट’च म्हणा. कर्ता म्हणजे करणारा. सब्जेक्ट ही वाक्यातली जागा आहे. त्या जागेवर करणारा बसेल किंवा वाडाही बसेल.

मराठीत नामाला ‘ने’, ‘ला’ लागतात म्हणून शब्द हलवले तरी अर्थ टिकतो. ‘मीनाला रवीने हाक मारली’ म्हटलं तरी हाक रवीचीच. इंग्रजीत ‘रवी कॉल्ड मीना’ उलटं केलं की हाक मारणारी मीना होते. जुन्या इंग्रजीत नामांना असे प्रत्यय होते, ते झिजले. सर्वनामांत मात्र उरलेत. खूण तीच : नाम काढून सर्वनाम घाला. ‘ही’ बसलं तर सब्जेक्ट, ‘हिम’ बसलं तर नाही. ‘वॉज बिल्ट बाय हिम’ म्हणावं लागतं, म्हणजे बाजीराव तिथे ‘बाय’ या प्रिपोझिशनच्या ताब्यात आहेत. ‘मँगो लाइक्स मी’मध्ये तर इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’, हेही मुलींना वेगळं सांगा. मराठी ‘मी’मुळे गफलत होते.

डॉक्टरसाठी ‘बरोबर’चं चिन्ह काढून बघा. शी = डॉक्टर, दोन्ही एकच व्यक्ती, म्हणून ते कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक. ‘दे मेड हर कॅप्टन’मध्ये ती = कॅप्टन. ‘दे गेव्ह हर अ पेन’मध्ये ती आणि पेन वेगळे, म्हणून दोन ऑब्जेक्ट.

अजून एक चूक हमखास होते. ‘घराच्या किल्ल्या हरवल्या’ यात किल्ल्या क्रियापदाला चिकटून आहेत. ‘द कीज ऑफ द हाउस’ म्हटलं की जवळ येतं ते हाउस, आणि मुलं ‘इज लॉस्ट’ लिहून मोकळी होतात. प्रिपोझिशनपासून त्याच्या नामापर्यंतचा तुकडा कंसात टाकायला शिकवा, मग सब्जेक्ट उघडा पडतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज कंस आणि ‘ही-हिम’ दोन्ही करून घेतलं. आंबावालीने शनिवारवाड्याचं वाक्य स्वतः फळ्यावर सोडवलं. तिनेच पुढे विचारलं : ‘वी वेटेड टू अवर्स’मध्ये काय थांबलो असं विचारता येत नाही, ‘किती वेळ’ विचारावं लागतं, मग ‘अवर्स’ हे नाम असून क्रियाविशेषणाचं काम करतंय का? मी हो म्हणाले. बरोबर सांगितलं ना?