लिफ्ट केलेल्या जिप्सीचं अलाइनमेंट घरी: कॅस्टरसाठी मदत हवी आहे

मंडळी, लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून जिप्सी उचलल्यापासून ती रस्त्यावर पोहते, सरळ न जाता भटकते. गगनबावड्याच्या घाटात वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, घरच्यांना घेऊन जायची भीती वाटते.

एक्सलच्या उंचीवर दोन्ही चाकांत टेपनं माप घेतलं: मागच्यापेक्षा पुढं 6 मिमी जास्त, म्हणजे टो-आऊट (चाकं पुढं बाहेर फाकलेली). टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) फिरवून 3 मिमी टो-इन (चाकं पुढं किंचित आत) केला. भटकणं कमी झालं, पण स्टिअरिंग तसंच.

शॅकलमुळं कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन, ज्यामुळं स्टिअरिंग आपोआप सरळ येतं) घटला असणार. पाटा आणि एक्सलमध्ये बसणारी पाचर उद्यमनगरात बनवून मिळेल, पण किती अंशांची घ्यावी? जास्त दिली तर पुढच्या डिफरेन्शियलचं (एक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं) तोंड खाली जाऊन त्याला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (वळणारा सांधा) खराब होईल का? मोबाईलच्या कोनमापकावर कुणी कॅस्टर मोजलाय का?