जुन्या मोटारींच्या क्लबातील पडद्यामागच्या माणसांचा सन्मान कसा करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबाच्या वार्षिक मेळाव्यात पारितोषिके मोटारींना, म्हणजे पर्यायाने मालकांनाच मिळतात. परंतु ज्यांच्याकडे स्वतःची एकही जुनी मोटार नाही आणि तरीही ज्यांच्या श्रमांवाचून एकही फेरी पार पडली नसती, त्यांचा या वर्षी सन्मान व्हावा, असे मला मनापासून वाटते.

गेल्या फेरीत एक मॉरिस मायनर चढावर बंद पडली, तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी डिस्ट्रिब्यूटरचे, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाचे, झाकण काढून आतले पॉइंट (उघडझाप करणारे विद्युत-संपर्क) घासले, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, त्यांच्यात सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर लावून दिले आणि इंजिन सुरू होताच हात पुसत ते मागच्या गाडीत जाऊन बसले. समारंभाच्या एकाही छायाचित्रात ते नाहीत. एक ताई प्रत्येक मोटारीचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मूळ रंग वहीत टिपून ठेवतात. १९६६ साली स्थापन झालेली ‘फिवा’ (FIVA) ही जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ३० वर्षे जुने व मूळ स्वरूपात जपलेले वाहनच ऐतिहासिक मानते. ते मूळ स्वरूप पटवून देताना अशीच नोंद कामी येते.

नुसते शाल-श्रीफळ मला अपुरे वाटते. फेरीतील पहिल्या मोटारीत त्यांना बसवावे, की त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जतन कराव्यात? शिवाय, कोणी दुखावले जाणार नाही अशी निवड कशी करावी? आपल्यापैकी कोणी असा उपक्रम राबवला असल्यास कृपया सविस्तर सांगावे.