मुलगा बॅटच फिरवत नाही, याला संयम म्हणायचं का?

एडिसनचा_बाबा
मंडळी, मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीगमध्ये (मुलांचं बेसबॉल) खेळतो. शनिवारी तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट, आणि हा पठ्ठ्या तिसरी स्ट्राइक (तिसरी म्हणजे आऊटच) नुसती बघत उभा! वर कोच म्हणतात, नजर चांगली आहे त्याची. मी शिवाजी पार्कात वाढलोय, ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायचा हे कळतं, विकेट वाचते. पण इथे बॉल सोडून मिळतं काय? एक बेस, तोही चालत!

जुना_बॉस्टनकर
ऑक्टोबर २००४. आमचे बॉस्टनचे रेड सॉक्स मालिकेत न्यूयॉर्कच्या यँकीजसमोर तीन सामने हरलेले, चौथ्यात नववी म्हणजे शेवटची इनिंग, एका रनने मागे, समोर त्यांचा पिचर (आपला बॉलर म्हणा) मारियानो रिवेरा. मी रात्रपाळीला, रेडिओ कानाशी. आमचा केविन मिलार वॉक घेऊन (बाहेरचे चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट) पहिल्या बेसवर गेला. त्याच्या जागी पळायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने कुणी फटका मारायच्या आतच पळून दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या सिंगलवर घरी आला, बरोबरीचा रन. पुढे सामनाही आमचा, मालिकाही आमची. सगळ्यांना ती चोरी आठवते. मला मिलारने सोडलेले चार बॉल आठवतात.

आणि बेस हा तर वरचा नफा. दोन बॉल (म्हणजे बाहेर पडलेले), शून्य स्ट्राइक झाल्या की पिचरची कोंडी होते. त्याला बॅटरजवळच्या १७ इंची प्लेटवरूनच टाकावं लागतं, बहुतेकदा सरळ फास्टबॉल. हाणायचा तो! बॅरी बाँड्सने त्याच वर्षी २३२ वॉक घेतले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. फटक्यांची सरासरी ०.३६२, पण बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.६०९. आणि होमरन (आपला षटकार म्हणा) ४५, म्हणजे नुसता उभा नव्हता. (स्टेरॉइडवाल्यांनी वेगळा धागा काढावा.)

खडूस_दादरकर
+१. त्याच २००४ च्या जानेवारीत सचिनने सिडनीला कव्हर ड्राइव्ह कुलपात ठेवून नाबाद २४१ काढले होते. पण मग बेसबॉलच्या व्लादिमिर गरेरोचं काय? टप्पा पडलेला बॉलसुद्धा मारायचा. ४४९ होमरन, हॉल ऑफ फेम.

जुना_बॉस्टनकर
गरेरोचे हात घेऊन या, मग बोलू.

बाबा, तुमची काळजी अगदीच फुकट नाही हो. अकरा वर्षांच्या पिचरांना स्ट्राइक टाकणंच धड जमत नाही, त्यामुळे खांबासारखं उभं राहिलं तरी वॉक मिळतो. ती सवय पुढे अंगाशी येते. दोन स्ट्राइक झाल्या की जवळपासचं सगळं छेडायचं, फाऊल (रेषेबाहेरचा फटका) गेला तर जाऊ दे, त्याने तिसरी स्ट्राइक होत नाही. यँकी असला तरी पॉल ओ'नील दाखवा त्याला: २००० ची वर्ल्ड सिरीज, पहिला सामना, नववी इनिंग. दहा बॉल खेळला, फाऊलवर फाऊल, शेवटी वॉक, आणि तोच बरोबरीचा रन ठरला. लिहिताना हात जड झाला माझा.

आधी पोराला विचारा तरी, ती तिसरी बाहेर वाटली की भीती वाटली?

एडिसनचा_बाबा
विचारलं. म्हणतो, "बाबा, मी बॉल मोजत होतो, स्ट्राइक किती झाल्या तेच विसरलो."