गाडीत बसून मेल आवरायचे आहेत, बोगद्यात रेंज नाही. सेटिंग काय करू?

कुडाळ_अप_डाऊन

नमस्कार मंडळी. ऑडिटच्या कामासाठी मी ठाण्याहून कुडाळ-सावंतवाडीला जात असतो. बहुतेक वेळा मांडवीने, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस गाडीत. पतसंस्थांचे मेल तुंबलेले असतात, ते या वेळात उरकावेत असा बेत. माणगावपर्यंत बरं चालतं. चिपळूण सुटलं की रेंजची लपाछपी सुरू, आणि पुढे करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा.

लॅपटॉपवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम, खातं जीमेलचं, आयमॅपने जोडलेलं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या यंत्रांवर तेच दिसतात. फोनवर जीमेलचं ॲप. घरून निघण्याआधी लॅपटॉप उघडून मेल आणून घेतो. यादी पूर्ण दिसते, पण गाडीत क्लिक केलं की काही मेल उघडतात आणि काही नुसतेच कोरे. असं का? रेंज नसताना उत्तर लिहून ठेवलं तर ते कुठे राहतं, आणि आपोआप जातं का? शिवाय, लॅपटॉप ऑफलाइन असताना मी एखाद्या मेलला तारा लावला आणि तोच मेल मधल्या वेळात फोनवरून उडवला, तर पुढे काय होतं?

आमचे सर म्हणतात, "पॉप लाव. मेल आपल्या मशीनवर आला की आपला." पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची जुनी पद्धत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही.

जुना_सर्व्हरवाला

कोऱ्या मेलचं आधी. आयमॅपमध्ये प्रोग्रॅम पहिल्यांदा फक्त मथळे आणतो: कोणाकडून, कधी, विषय काय. आतला मजकूर आणि जोडपत्रं तो मागाहून, तुम्ही मशीनवर काही करत नसताना सावकाश उतरवतो. तुम्ही यादी भरलेली पाहिली आणि झाकण लावलंत. यादी आली होती, मेल यायचे होते.

उपाय सोपा आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा. मेल या संगणकावर ठेवा, ही खूण हवी. अमुक केबीपेक्षा मोठे मेल उतरवू नका, ही खूण नको, नाहीतर नेमकी बँक स्टेटमेंटंच राहतील. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये कोणते फोल्डर हवेत ते निवडा. तिथे 'ऑल मेल' दिसेल, तो काढा. तो तुमच्या खात्याचा अख्खा माळा आहे, प्रवासात कशाला? मग निघण्याआधी फाइल, ऑफलाइन, 'डाउनलोड/सिंक नाऊ'. त्याच खिडकीत 'काम संपल्यावर ऑफलाइन जा' अशीही खूण असते, तीही करा. प्रोग्रॅम स्वतःहून ऑफलाइन झाला की समजायचं, उतरवून झालं. अर्धवट रेंजमध्ये ऑनलाइन ठेवलात तर तो दर वेळी सर्व्हरला हाक मारत बसतो आणि तुम्ही फिरणारं चाक बघत बसता. चिपळूणच्या पुढे तो ऑफलाइनच ठेवायचा, रेंजची दांडी दिसली तरी.

एक गोष्ट कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. हल्ली निम्म्या लोकांची जोडपत्रं म्हणजे ड्राइव्हची लिंक असते. मेल उतरतो, लिंकमागची फाइल उतरत नाही. त्या आदल्या रात्री हाताने उतरवाव्या लागतात.

उत्तरांचं: ऑफलाइन असताना 'पाठवा'च्या जागी 'नंतर पाठवा' होतं आणि मेल लोकल फोल्डर्समधल्या आउटबॉक्समध्ये पडतो. लोकल म्हणजे फक्त त्या लॅपटॉपवर. सर्व्हरला त्याचा पत्ता नाही, फोनवर तो दिसणार नाही. कुडाळला उतरून लॅपटॉप बॅगेतच राहिला तर मेलही बॅगेतच. ऑनलाइन येताना थंडरबर्ड विचारतो, न पाठवलेले पाठवू का? तिथे घाईत नाही म्हणू नका.

आता तारा आणि उडवणं. सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला एक क्रमांक देतो. तो वाढतच जातो, दुसऱ्या मेलला पुन्हा मिळत नाही. तुम्ही ऑफलाइन जे करता ते थंडरबर्ड या क्रमांकांसकट टिपून ठेवतो: 4821 वाचला, 4830 ला तारा, 4835 दुसऱ्या फोल्डरमध्ये. जोडणी झाली की तो ही यादी सर्व्हरला वाचून दाखवतो. दरम्यान 4830 फोनवरून उडवलेला असेल तर त्या क्रमांकाचं इनबॉक्समध्ये काही नसतं, सर्व्हर तेवढा हुकूम मुकाट्याने सोडून देतो. भांडण होत नाही. तो मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये सापडेल, नंतर कायमचा गेला.

भांडण होतं ते मसुद्यांचं. आयमॅपमध्ये ठेवलेला मेल बदलता येत नाही. मसुद्यात एक स्वल्पविराम घातलात तरी नवा मेल चढतो आणि जुना पुसला जातो. तोच मसुदा फोनवर थोडा आणि ऑफलाइन लॅपटॉपवर थोडा लिहिलात की दोन मसुदे होणार, दोन्ही अर्धे. एक मसुदा, एक यंत्र.

दर्यावर्दी

मोठ्या मेलच्या मर्यादेवर तुम्ही फुलीच मारलीत, पण ती सगळ्यांसाठी वाईट नाही. मी जहाजावर असतो. काही जहाजांवर महिन्याचा डेटा मोजून मिळतो. तिथे मी मर्यादा लावतो, मथळे बघतो आणि हवा तोच मोठा मेल हाताने उतरवतो. शिवाय जोडपत्र पाठवताना ते बेस64 मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदलतं आणि एक तृतीयांशाहून जास्त फुगतं. 9 एमबीची पीडीएफ वाटेत 12 च्या पुढे जाते. घरचे लग्नाचे फोटो पाठवतात तेव्हा हे फार जाणवतं.

टर्मिनलप्रेमी

लिनक्स असेल तर एमबीसिंक, आयमॅपचे मेल उतरवणारा टर्मिनलवरचा प्रोग्रॅम. मेलडिर स्वरूपात प्रत्येक मेल वेगळी फाइल, वाचलेल्याच्या नावात एस, तारा लावलेल्याच्या नावात एफ. शोधायला नॉटमच. लाखभर मेलमध्ये शोध डोळ्याचं पातं लवायच्या आत.

जुना_सर्व्हरवाला

@टर्मिनलप्रेमी, मीही तेच वापरतो. पण त्यांना ऑडिट करायचं आहे, कॉन्फिग फाइल लिहायची नाही.

कुडाळ_अप_डाऊन

फार उपयोग झाला, मनापासून आभार. मसुद्यांचं कोडं आज सुटलं, माझ्याकडे एकेका पत्राची जुळी भावंडं पडलीत. पण सरांच्या पॉपचं राहिलं. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा वाटत नाही. ऑडिटचे कागद साधारण 7 वर्षं जपावे लागतात, त्यात मेलही आले.

जुना_सर्व्हरवाला

सरांची काळजी खरी आहे, औषध जुनं आहे. पॉप फक्त इनबॉक्स ओळखतो. वाचलं-न वाचलं, फोल्डर, तारे, यातलं काही तो दुसऱ्या यंत्राला सांगत नाही. एका टेबलावर एकच संगणक होता तेव्हा ते पुरत होतं. आयमॅप मार्क क्रिस्पिनने 1986 मध्ये स्टॅनफर्डला असतानाच केला होता; आपल्याकडे तो माणसांना हवासा वाटला तो खिशात फोन आल्यावर.

पण सरांचं एक म्हणणं कान देऊन ऐका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून उडवलेला मेल पुढच्या सिंकला लॅपटॉपवरूनही जाणार, सिंकचं कामच ते. तेव्हा एका संस्थेचं ऑडिट संपलं की तिचे मेल थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपी. तिथल्या प्रतीला सर्व्हर हात लावत नाही. मग तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आणि हो, उतरवलेले मेल लॅपटॉपवर साध्या मजकुरासारखे पडलेले असतात. मेलचा पासवर्ड त्यांचं रक्षण करत नाही. लॅपटॉप गाडीत राहिला तर पतसंस्थेच्या कर्जदारांची यादी कोणीही नोटपॅडमध्ये उघडेल. डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डिस्कवरचं काही वाचता येऊ नये अशी सोय, चालू आहे का, ते आजच बघा.

कुडाळ_अप_डाऊन

एन्क्रिप्शन बघितलं, बंद होतं, चालू केलं. सोमवारी निघायचंय. रविवारी रात्री सिंक लावून ठेवतो. ऑल मेल काढूनही 6 जीबी दाखवतंय.

जुना_सर्व्हरवाला

मग रविवार रात्र पुरणार नाही. जीमेल आयमॅपवरून दिवसाला 2,500 एमबीच उतरवू देतो, त्यापुढे खातं काही तास अडकतं. शुक्रवारी सुरू करा. आधी इनबॉक्स आणि या वेळच्या संस्थांचे फोल्डर, बाकीचे परत आल्यावर.