उतरत्या फळीवरून घरंगळणारा गोळा : घर्षणाचे कार्य वजा करायचे की नाही?

प्रश्न (बारावी विज्ञान, महाल, नागपूर)

नमस्कार. आम्ही तिघी मैत्रिणी महालातील एका अभ्यासिकेत बोर्डाच्या परीक्षेची तयारी एकत्र करतो. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणातील एका उदाहरणावर आमचे एकमत होत नाही, म्हणून येथे विचारत आहे. १ किलोग्रॅम वस्तुमानाचा भरीव गोळा ३०° कोनात कललेल्या १.७५ मीटर लांबीच्या फळीवरून, न घसरता, स्थिर अवस्थेतून खाली घरंगळतो. तळाशी त्याच्या केंद्राचा वेग किती?

एका मैत्रिणीने ८.५७५ ज्यूल ही सुरुवातीची स्थितिज ऊर्जा एकूण गतिज ऊर्जेबरोबर मांडली आणि वेग ३.५ मीटर प्रति सेकंद काढला. दुसरीचे म्हणणे असे की, घर्षण असताना त्याचे कार्य वजा केलेच पाहिजे. तिने घर्षण बल १.४ न्यूटन काढले, त्याला १.७५ मीटरने गुणून २.४५ ज्यूल वजा केले, आणि उरलेली ६.१२५ ज्यूल ऊर्जा सरळ गती व फिरणे या दोहोंत वाटली. तिचे उत्तर २.९६ मीटर प्रति सेकंद येते. छापील उत्तर ३.५ आहे, परंतु केवळ उत्तर जुळले म्हणून पहिली रीत बरोबर, हे तिला मान्य नाही आणि मलाही पटत नाही. दुसऱ्या रीतीत नेमके काय चुकते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, धरमपेठ)

तुमच्या मैत्रिणीचा आग्रह अगदी योग्य आहे, आणि तिने काढलेले १.४ न्यूटन हे घर्षण बलही बरोबर आहे. अडचण एवढीच की, घर्षणाचा अर्धाच परिणाम हिशेबात आला आहे. ते बल फळीला समांतर वरच्या दिशेने लागते, त्यामुळे केंद्राच्या सरळ गतीतून २.४५ ज्यूल कमी होतात. मात्र तेच बल गोळ्याच्या कडेवर लागत असल्यामुळे केंद्राभोवती टॉर्क निर्माण करते आणि गोळ्याला फिरवते. टॉर्क म्हणजे बल गुणिले त्रिज्या, आणि गोळा न घसरता जितके अंतर जातो ते म्हणजे त्रिज्या गुणिले फिरलेला कोन. म्हणून फिरण्याच्या गतीला मिळणारी ऊर्जाही १.४ × १.७५, म्हणजे २.४५ ज्यूलच येते. एकीकडे वजा झालेले दुसरीकडे पूर्णपणे जमा होते आणि घर्षणाचे एकूण कार्य शून्य ठरते.

आता तिचेच आकडे पुढे न्या. ६.१२५ ज्यूल ही ऊर्जा फक्त सरळ गतीची आहे; ती वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग याबरोबर मांडली की वेगाचा वर्ग १२.२५ आणि वेग ३.५ येतो. भरीव गोळ्याची फिरण्याची गतिज ऊर्जा ⅕ × वस्तुमान × वेगाचा वर्ग, म्हणजे ०.२ × १२.२५ = २.४५ ज्यूल, हेही जुळते. दोन्ही रीती एकाच उत्तराला पोहोचतात.

उपप्रश्न (मूळ प्रश्नकर्ती)

ताई, मनापासून आभार, दोन्ही रीती आता एकत्र बसल्या. पण यातून लगेच नवा प्रश्न उभा राहिला. घर्षणाचे एकूण कार्य शून्य असेल, तर घर्षण मुळीच नसतानाही वेग ३.५ यायला हवा ना?

उत्तर (कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त शिक्षक, प्रतापनगर)

फार चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारल्याशिवाय हे उदाहरण पुरते कळत नाही. घर्षण नसेल तर गोळा फिरणारच नाही, नुसता घसरेल, सगळे ८.५७५ ज्यूल सरळ गतीला मिळतील आणि वेग सुमारे ४.१४ मीटर प्रति सेकंद होईल. म्हणजे घर्षण येथे ऊर्जा खर्च करत नाही, ती कशी वाटली जाईल हे ठरवते.

शून्य कार्याची अट मात्र नीट लक्षात ठेवा. घरंगळताना फळीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून ते घर्षण स्थितिक असते आणि उष्णता निर्माण होत नाही. ३०° कोनावर भरीव गोळ्याला यासाठी निदान ०.१६५ एवढा घर्षणांक लागतो. तो ०.१ असेल तर गोळा घसरत-घसरत फिरतो, केंद्राचा वेग सुमारे ३.७७ येतो आणि सुमारे ०.७१ ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. वेग ३.५ पेक्षा अधिक आणि तरीही ऊर्जेचा ऱ्हास, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण या वेळी फिरण्याच्या वाट्याला फारच थोडी ऊर्जा आलेली असते. ऊर्जा अक्षय्यतेचे समीकरण अशा वेळी जसेच्या तसे वापरता येत नाही. म्हणूनच उत्तरपत्रिकेत ‘गोळा घसरत नाही, म्हणून स्थितिक घर्षणाचे एकूण कार्य शून्य’ हे वाक्य आधी लिहावे आणि मगच समीकरण मांडावे.

एकत्र अभ्यास करताना तुम्ही तिघींनी अंतिम आकड्यांपेक्षा पहिली समीकरणे शेजारी ठेवून वाचावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. येथील मतभेद पहिल्याच ओळीत दिसला असता : एकीने पूर्ण गोळ्याचे समीकरण लिहिले होते, तर दुसरीने डावी बाजू केवळ केंद्राच्या गतीची आणि उजवी बाजू पूर्ण गोळ्याची घेतली होती.

उत्तर (बारावी विज्ञान, वर्धा रोड)

आमच्या गटाने हाच विषय प्रत्यक्ष करून पाहिला, म्हणून थोडी भर घालते. भरीव गोळ्याचे त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ पट असते आणि पातळ कड्याचे निम्मे. दोन्ही एकाच वेळी सोडले तर गोळा तळाला पोहोचेपर्यंत कडे अंतराच्या ७० टक्केच आलेले असते, मग वस्तुमान, त्रिज्या किंवा फळीचा उतार काहीही असो. एक मीटर फळीवर काचेची गोटी आणि प्लॅस्टिकच्या पाइपचा आखूड तुकडा सोडून हे दिसते. उतार १०° च्या आसपास ठेवा, कारण ३०° वर कड्याला घसरू न देण्यासाठी सुमारे ०.२९ घर्षणांक लागतो, तर १०° वर ०.०९ पुरतो. पाइपला थोडी जाडी असल्यामुळे मागे पडलेले अंतर ३० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरते.